उजव्या गालावरची चामखीळ

मी, खाली सही करणारा, धंद्याने नट, आता घरी बसलेला, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या अक्षरात आणि पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. शुद्धीवर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला आहे. देण्यापूर्वी ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी मला सलाम ठोकला, त्यामुळे त्यांच्याच शुद्धीची मला थोडी शंका आहे, पण वकीलबाई म्हणतात चालेल. माझ्यावर कोणत्याही जिवंत माणसाचे दडपण नाही. आहे ते सेनानींचे, आणि त्यातून एकदाचे सुटावे म्हणूनच हा खटाटोप.

सेनानी म्हणजे ज्यांनी देशाची लढाई जिंकून दिली आणि ज्यांचा पुतळा चौकात उभा आहे, ते. मी त्यांना कधी पाहिले नाही. मी सात युद्धपटांत त्यांचे काम केले, एवढाच आमचा संबंध. हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो, आणि सगळे पालथ्या घड्यावर पाणी. बँकेत मॅनेजर उठून उभा राहतो. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस मोरीत बसून मला विचारतो की सीमेवर आता काय करायला हवे. मी म्हणतो, आधी हा नळ गळायचा थांबव. तो म्हणतो, वा, काय बोललात. आणि नळ अजून गळतोच आहे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या मुलीने करावी. ती कमी बोलते आणि हातात घेतलेले काम पुरे करते. चिरंजीवांचे बरोबर उलटे आहे.

कलम २. राहते घर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिची खिडकी कधीच नीट लागली नाही ती गॅलरी, मुलगी आणि मुलगा यांना अर्धे अर्धे. मात्र मुलाच्या अर्ध्याला अट आहे, आणि ती त्याने दोनदा वाचावी.

गेल्या महिन्यात चिरंजीवांनी कलावंत संघाच्या अध्यक्षांशी फोनवर परस्पर ठरवून टाकले की मी गेल्यावर मला सेनानींच्या गणवेशात, टोपी घालून, चामखीळ लावून नाट्यगृहात लोकांना बघायला ठेवायचे. मी शेजारच्या खोलीत झोपलो आहे अशी त्याची समजूत होती. मी जागा होतो. "बाबांना आवडेल ते," असे तो म्हणाला. बाबा भिंतीपलीकडे होते. नुसते दार ढकलून विचारायचे होते, तेवढे काही झाले नाही.

सबब, माझ्या देहावर गणवेश, टोपी किंवा चामखीळ यांपैकी काहीही चढले, तर मुलाचा हिस्सा त्याच घडीला त्याच्या बहिणीकडे जाईल. अशी अट घालता येते असे वकीलबाई म्हणाल्या. दोनदा घालता येते का, असे मी विचारले. नाही म्हणाल्या.

मुलगा वाईट नाही, हेही इथेच लिहून ठेवतो. शाळेपासून त्याला सगळे सेनानींचा मुलगा म्हणत आले आणि ते त्याला गोड लागले. नटाचा मुलगा असणे त्याला कधी पुरले नाही. याचे मला वाईट वाटते, आणि रागही येतो.

कलम ३. चामखीळ. पत्र्याच्या गोल डबीत, कापसात ठेवलेली, रबराची, एक नग. ही कोणालाही देऊ नये. जाळावी. कारण सांगतो.

सेनानींच्या डाव्या गालावर चामखीळ होती. माझ्या उजव्या गालावर लागली. पहिल्या चित्रपटाच्या पहिल्या सकाळी रंगभूषाकाराने सेनानींचा फोटो आरशाच्या चौकटीत खोचला, माझ्या मागे उभा राहिला, आणि फोटोतला चेहरा व आरशातला चेहरा एकमेकांशी जुळवत गेला. आरशात उजव्याचे डावे होते, हे लहान पोरालाही कळते. हा गृहस्थ मात्र त्यावरच पोट भरत होता. दुपारपर्यंत निम्मी लढाई चित्रित झाली. मग कोणाच्या तरी लक्षात आले, आणि दिग्दर्शक म्हणाला, आता राहू दे, पुन्हा एवढे घोडे कोण आणणार.

तिसऱ्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला मला त्याच वेषात दारात उभे केले होते. काठी टेकत एक बाई आल्या. त्या सेनानींच्या कन्या होत्या. बराच वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात वर केला आणि माझ्या डाव्या, मोकळ्या गालावर एक बोट ठेवले.

"बाबांची इथे होती," त्या म्हणाल्या. "मी लहानपणी तिच्यावर बोट ठेवून झोपायची. आता डोळे मिटले की मला तुमचाच चेहरा दिसतो."

त्यांचा आवाज जराही चढलेला नव्हता. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

मी दुसऱ्याच दिवशी दिग्दर्शकाला सांगितले, चामखीळ डावीकडे घ्या. तो म्हणाला, लोकांना उजवीकडची पाठ झाली आहे, आता डावीकडे लावली तर म्हणतील नट खोटा आहे. पुढचे चारही चित्रपट उजवीकडेच झाले. मग शाळेच्या पुस्तकात माझा फोटो आला, खाली नाव सेनानींचे. मग चौकात पुतळा आला. उजवा गाल.

कलम ४. बँकेतली सर्व शिल्लक पुतळ्याची चामखीळ हलवण्यासाठी खर्च करावी. पुतळा समितीला मी हे जिवंतपणी सुचवले होते. ऐतिहासिक पुराव्यात फेरफार करता येत नाही, असे त्यांनी कळवले. पुरावा कोणता, असे विचारले तर पहिल्या चित्रपटाचे नाव सांगितले. यावर हसावे की रडावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मेलेल्या माणसाची इच्छा म्हटल्यावर कदाचित ऐकतील, कारण त्यावर भाषणे करता येतात. सेनानींच्या कन्या आता फार थकल्या आहेत, त्यामुळे समितीच्या भरवशावर न राहता मी एका शिल्पकाराला मातीचे लहान डोके करायला सांगितले आहे. चामखीळ कुठे बसवायची ते त्या स्वतः बोट ठेवून दाखवतील. त्याचा हिशेब झालेला आहे, समितीने त्यात नाक खुपसू नये.

कलम ५. इतर जंगम मिळकत.

लोकरीचा लष्करी कोट इमारतीच्या पहारेकऱ्याला. बाहेर गारठा असतो आणि त्याचा स्वेटर कोपरांवर विरला आहे. पितळी बटणे काढून साधी लावून द्यावीत, नाहीतर त्यालाही लोक सलाम करतील आणि बिचाऱ्याची झोप उडेल.

तलवार लाकडी आहे. पदके औषधाच्या डब्यांच्या झाकणांची आहेत. मुलाने ती दिवाणखान्यात काचेत लावली आहेत आणि पाहुण्यांना खरी म्हणून दाखवतो. ती त्यालाच द्यावीत.

घोडा नाही. मला घोड्याची भीती वाटते. ज्या प्रसिद्ध दृश्यात मी घोड्यावरून डोंगर उतरतो, त्यात मी ढकलगाडीवर ठेवलेल्या पिंपावर बसलो आहे आणि दोन माणसे मला ढकलत आहेत.

कलम ६. आरामखुर्ची आणि बुद्धिबळाचा पट शत्रूला. शत्रू म्हणजे ज्याने सातही चित्रपटांत शत्रूच्या सरदाराचे काम केले तो माझा मित्र. मला फुकट भाजी मिळायची तेव्हा याच्या खिडक्यांवर दगड पडायचे. स्वभावाने इतका गरीब की दगड मारणाऱ्यांना म्हणायचा, काच पायात जाईल, जपून. आमच्या दोघांत सेनानी शोभेल असा एकच होता, आणि तो मी नव्हतो.

कलम ७. रंगभूषाकाराला काहीही नाही. आरशाच्या गोष्टीवरून तो आजतागायत माझ्याशी भांडतो. चोराच्या उलट्या बोंबा. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही असे वकीलबाईंकडून कळले, म्हणून त्याला मुद्दाम साक्षीदार केले आहे.

कलम ८. हे फक्त मुलीसाठी.

चित्रीकरणावरून मी कधी कधी तसाच, चामखिळीसकट घरी यायचो. आवाजही तसाच असायचा. पाणी मागितले तरी हुकूम वाटायचा. म्हणून तुझ्या आईने नियम केला होता, चामखीळ निघेपर्यंत बाबांशी कोणी बोलायचे नाही. ती मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवायची, कोमट तेलाचा बोळा उजव्या गालावर फिरवायची, डिंक सुटला की चामखीळ डबीत टाकायची, आणि मग विचारायची, "आलात?" मी म्हणायचो, "आलो." मग तू दाराआडून धावत यायचीस.

ती गेल्यापासून हे मला कोणी विचारलेले नाही. बाहेर तर मी सेनानीच आहे, आणि हल्ली घरातही.

तर मला माझा निळा सदरा घालावा, जो कोपरावर तू शिवला होतास. चेहऱ्याला रंग नको. गालावर काही नसले तरी तेलाचा बोळा एकदा फिरवावा, आणि आईसारखे विचारावे. उत्तर येणार नाही. पण मी आलो आहे असे समजावे, आणि मग बाकीच्यांना आत सोडावे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे. जन्मभर लोकांनी माझ्याकडून सेनानींच्या नावाने सह्या घेतल्या. ही माझी आहे.

सही: नट, स्वतः

ठिकाण: घरचे स्वयंपाकघर
दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच

साक्षीदार पहिला: डॉक्टर. (सही. या वेळी खुर्चीत बसून केली.)

साक्षीदार दुसरा: रंगभूषाकार. (सही. शेरा लिहायचा नसतो असे वकीलबाई म्हणाल्या, तरी लिहितो. आरशाचे याचे बरोबर आहे. तेल मी कोमट करून देईन, पोरीला अंदाज नाही.)