उणे अठरा असेल

बाबा, तुमच्या डोक्यात संशयाचा किडा आहे असं आई म्हणायची, आणि तो मला चावला नाही म्हणून मी खूश होते. पोफळीच्या कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. पॉवरहाऊसची शिफ्ट संपवून तुम्ही जेवायला बसलाय, विचारताय, "दूध उतरवलंस?" मी म्हणते, "आईने उतरवलं असेल." झालं! घास हातातच राहतो. "असेल म्हणजे काय गो? आहे की नाही? उद्या मी मशीनच्या वहीत 'असेल' लिहिलं तर चालेल?" पाय आपटत उठते, बघते, तर दूध केव्हाच उतरवलेलं. इतका राग आला होता मला तुमचा.

आता मी रत्नागिरीत मासळीच्या एका शीतगृहात कॉम्प्युटर सांभाळते. खोलीचं तापमान पडद्यावर आणणारा छोटा प्रोग्राम, शेल स्क्रिप्ट म्हणतात ती, माझी. सेन्सरकडून आकडा आला नाही तरी ती अडून बसू नये म्हणून मी व्हेरिएबलला डीफॉल्ट दिला होता: दोन टिंबं, आडवी रेघ, पुढे उणे अठरा. म्हणजे काही कळलं नाही तर खोली नेहमीसारखी उणे अठरा अंशांवर आहे असं धर. गेल्या आठवड्यात तिथले ऑपरेटर, नाटे गावचे, तुम्ही गेलात त्या वयाचे, मला म्हणाले, "मॅडम, मासा हाताला मऊ लागतोय हो." मी पडदा बघितला. उणे अठरा. सकाळी तेच, दुपारी तेच. मेला आकडा जरासुद्धा हलत नव्हता, आणि मला संशय आला कुणाचा? त्यांचा! माल आत टाकायच्या आधी उन्हात ठेवून गप्पा मारत बसले असतील, आता मशीनवर ढकलतायत. मालकांना मी तसंच सांगितलं. त्यांनी ऑपरेटरना घरी बसवलं.

परवा बघितलं तर खोलीतला गारवा खरंच कमी झालेला, आणि सेन्सरची वायर खाऱ्या हवेने गंजून तुटलेली. तीन दिवस आकडा आलाच नव्हता, आणि रिकाम्या जागी माझं "असेल" बसलं होतं. मी स्क्रिप्टमधली ती आडवी रेघ आणि उणे अठरा पुसून तिथे प्रश्नचिन्ह घातलं. आता आकडा नसला की स्क्रिप्ट थांबते आणि ओरडते, थेट तुमच्यासारखी. तरी पडद्यावर माझा विश्वास नाही. दिवसातून चारदा आत जाऊन थर्मामीटर बघून येते.

ते ऑपरेटर अजून घरीच आहेत. वायर बदलली म्हणजे मालकांना काय ते कळलं असेल, असं मी दोन दिवस मनाला सांगतेय. तुम्ही घास हातात धरून विचाराल, "सांगितलंस?" नाही, बाबा. नोकरी जाईल म्हणून घाबरलेय. हे सगळं लिहायला हवं होतं मालकांना, आणि लिहीत बसलेय तुम्हाला.