सेल नसलेलं घड्याळ

४ नोव्हेंबर, मंगळवार

बंद पडलं! भाजी चिरताना लक्ष गेलं. सेकंदकाटा आठच्या आकड्याशी नुसता थरथरतोय, पुढे सरकत नाही. मनगट दोन-तीनदा झटकलं. झटकून काय होणार — सेल संपलाय.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हे: "किती वाजले गं?"

भिंतीवर घड्याळ आहे, ह्यांच्या अगदी समोर. पण नाही, माझ्या हातातल्यात बघूनच सांगायचं. मोबाईलमध्ये चोरून पाहिलं आणि सांगितलं. "बरोब्बर," म्हणाले. भिंतीवरच्याशी ताडून!

५ नोव्हेंबर

इथे तरी नीट लिहून काढते. दुसरं कुणाला सांगणार.

हे घड्याळ ह्यांनी लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला दिलं. मोठ्या नावाचं, परदेशी. कारखान्यातल्या कुणाच्या तरी मेव्हण्याने बोटीवरून आणलेलं, ह्यांनी रात्रपाळ्या करून घेतलेलं. मेव्हणा म्हणाला होता, याला सेल नाही, चावी नाही. हाताच्या हालचालीवर चालतं, घालणाऱ्याच्या अंगात जोर आहे तोवर थांबत नाही. तशी घड्याळं असतात, खोटं नाही. फक्त हे तसं नाही.

पुढच्या वर्षी बंद पडलं तेव्हा गुपचूप भिंगवाल्यांकडे नेलं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते, त्या दुकानाच्या पायरीशी त्यांची घड्याळदुरुस्तीची पेटी असते. डोळ्याला भिंग लावूनच जन्माला आलेला माणूस. झाकण काढून त्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बाई, नक्कल आहे. पण चांगल्या हाताची." आणि सेल बदलून दिला.

घरी आल्या आल्या सांगणार होते. तर हेच जेवताना म्हणाले, "चालतंय ना? तुझ्या हाताला स्वस्थता नाही, म्हणून चालतंय." इतके खूश होते. त्या दिवशी राहिलं. मग राहतच गेलं. एकवीस वर्षं झाली, सेल संपला की मी भिंगवाल्यांकडे, आणि ह्यांना वाटतं माझ्या हातात जादू आहे.

आता मात्र पंचाईत. उन्हाळ्यात ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी रजेवर. डॉक्टर म्हणतात सगळं उत्तम आहे, चाला, जिने चढा, कामाला लागा. हे खुर्चीतून हलत नाहीत, आणि मलाही नजरेआड होऊ देत नाहीत. दर थोड्या वेळाने: "आहेस ना?" आंघोळीला गेले तरी कडी लावायची नाही. आतून ओ द्यायची.

६ नोव्हेंबर

दुपारी ह्यांचा डोळा लागतो तेव्हा ट्रे बाहेर काढते. चष्म्यांचे नमुने ठेवायचा जुना ट्रे, दुकानात टाकून देत होते तो मागून आणला. निळी मखमल, आठ खाचा. सहा भरल्यात. सेल बदलून होईस्तोवर भिंगवाल्यांपाशी बसायचं, समोर त्यांचं नकली घड्याळांचं खोकं उघडं — नजर जायचीच. पण जीव जडला तरच घेतलं.

एक पाणबुड्यांचं आहे. भांडी घासताना घातलं तर काचेला आतून वाफ धरते. एक चंद्रकलांचं — चंद्र छापलेलाच, बारा महिने पौर्णिमा. एकात तीन छोट्या तबकड्या, त्यातली एकच फिरते, बाकी दोघी शोभेला बसलेल्या, कार्यातल्या थोरल्या जावांसारख्या. सोनेरीचा मुलामा मनगटाशी उडालाय. चौकोनी माझ्या हाताला असं बसतं की जणू माप देऊन केलंय. आणि हिरव्या तबकडीचं — ते नुसतं बघायचं. उन्हात धरलं की तळं!

मऊ फडक्याने एकेक पुसते, वेळ लावते, जागच्या जागी ठेवते. नकली आहेत, मला माहीत आहे, कुणापासून लपवायचं नाही. तेवढा वेळ माझ्याकडे कुणाचं काही मागणं नसतं.

"आहेस ना?"

उठले वाटतं.

७ नोव्हेंबर

कारखान्यातले दोघे ह्यांना भेटायला आले होते. झालं! ह्यांचा आवडता खेळ. मला ट्रे आणायला लावला, माझ्या हातातलं उतरवून सातव्या खाचेत ठेवलं आणि म्हणाले, "ओळखा, यातलं खरं कुठलं?"

माझा जीव टांगणीला. टक्कल पडलेला जो होता त्याने ट्रे कानाशी नेला आणि नेमकं त्याच घड्याळावर बोट ठेवलं. कसं ओळखलंत? तर बाकीची टकटक करतायत, हे एकटं गप्प आहे.

ह्यांनी मांडीवर थाप मारली. "खऱ्याला आवाज नसतोच!"

चहा गाळायला मी आत गेले आणि ओट्याला धरून हसले. मग हसता हसता रडू आलं. कशाचं, कळलं नाही.

८ नोव्हेंबर

हे आंघोळीला गेले तेवढ्यात चौकोनीतला सेल काढून ह्यात घालून पाहिला. त्याचा जाड, ह्याला लागतो कागदासारखा पातळ. झाकण बसेना. दाबून बसवायला गेले तर नख दुखावलं. आतून आवाज — "आहेस ना?" आहे, म्हटलं. जाणार कुठे?

१० नोव्हेंबर

धीर करून म्हटलं, चष्म्याची काडी सैल झालीय, दुकानापर्यंत जाऊन येते. "मी पण येतो." आले. माझा दंड धरून, पायरी-पायरीला थांबत.

भिंगवाल्यांनी मला पाहिलं, भिंग कपाळावर सारलं. "बाई, यंदा लवकर आलात?"

"कशाला लवकर?" हे.

ऊन चढायच्या आत आलो म्हणतायत, असं काहीतरी मी बडबडले. भिंगवाले शहाणे, ह्यांच्याकडे बघून तोंड मिटलं आणि एका पट्ट्याला भोक पाडत बसले. हे माझ्या आणि पेटीच्या मध्ये उभे. सावली तरी दुपारी पायाखाली जाते. हे नाहीत.

घरी आल्यावर दिवसभर ह्यांनी वेळ विचारली आणि मी काटे हाताने फिरवत राहिले. मीच आता त्या घड्याळाचं यंत्र.

११ नोव्हेंबर

दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन. कामावर येणार की नाही ते वीस तारखेपर्यंत सांग, म्हणाल्या. तुझ्यासारखा हात मिळायचा नाही, पण मलाही दुकान चालवायचंय. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. इतक्या मऊपणे बोलल्या.

ह्यांना सांगितलं. "आणि तू नसताना मला काही झालं तर?"



दुकानातला घासायच्या दगडाचा आवाज आठवतो. पाणी पडत असतं, काच हळूहळू फ्रेमच्या आकाराची होते. बोटं सुरकुततात. मला ते सगळं हवंय. इतकं हवंय की लिहायची लाज वाटते.

१२ नोव्हेंबर

काय करून बसले मी!

सकाळी ह्यांनी स्वतःच माझं मनगट ओढून वेळ पाहिली. काटा थांबलेला. चेहरा असा उतरला की मीच घाबरले. मला खाली बसवलं, नाडी दाबून पाहिली, पाणी दिलं. "तुला काय होतंय? खरं सांग."

तेव्हा सुचलं — आणि इतकी हुशारी वाटली स्वतःची! म्हटलं, मला काही झालेलं नाही. घरात बसून हाताला हालचाल उरली नाही, म्हणून थांबलं असेल. दुकानात जायला लागले की चालेल पुन्हा.

वाटलं, आता म्हणतील, जा बाई.

घड्याळ काढून घेतलं आणि स्वतःच्या मनगटावर चढवलं. "एवढंच ना? मी चालवतो. तोवर तू बस."

१३ नोव्हेंबर

खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. हात खुळखुळ्यासारखा हलवतात. थांबतात, कानाला लावतात, पुन्हा चालतात. महिनोन्‌महिने डॉक्टर चाला म्हणत होते, तेव्हा चालले नाहीत. आता थांबत नाहीत.

पट्टा त्यांना लहान होतो. मनगटावर वळ उठलाय.

१४ नोव्हेंबर

आज अंथरुणातून उठले नाहीत. जेवण तसंच परत. छातीत दुखत नाही, धाप नाही. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले मन खचलं असेल, बोलतं करा.

बोलतं काय करू? भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ऑपरेशनने जीव राहिला, जोर गेला. तुझ्या हातावर बावीस वर्षं चाललं. माझ्यावर दोन दिवस चालेना."

मी पाठीवर हात फिरवत बसले. जिभेच्या टोकावर होतं. सेल आहे हो त्यात, सेल! नाही निघालं. त्या रात्रपाळ्या, ती मांडीवरची थाप. एका माणसाला म्हातारपणाच्या तोंडाशी सांगायचं का, की तुम्ही फसलात, आणि बायकोला पहिल्यापासून माहीत होतं?

१५ नोव्हेंबर

ताईंना बोलावून घेतलं. ह्यांची थोरली बहीण. आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्या आत सुरू. "बाळ्या, घड्याळ बंद पडलं म्हणून कुणी अंथरूण धरतं का? माझा मिक्सर बंद पडला तेव्हा मी काय मृत्युपत्र लिहायला बसले होते?"

एरवी ह्यांनी दोन शब्द परत केले असते. नुसते डोळे मिटले.

स्वयंपाकघरात ताईंचा आवाज खाली आला. म्हणाल्या, आमचे बाबा असेच गेले, आजार बरा झाला आणि माणूस उठलाच नाही. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "उद्या जरा बाहेर पड. तोंड बघ कसं झालंय. मी बसते याच्यापाशी."

१६ नोव्हेंबर

एकटी बाहेर! जिन्यात कठडा धरला. दंडावर कुणाचा हात नाही म्हणून तोल जातोय की काय, असं वाटलं.

घड्याळ ह्यांच्या मनगटावरच, झोपेतही काढत नाहीत. भिंगवाल्यांकडून नुसता सेल घेतला, कागदाच्या पुडीत. पर्समध्ये आहे. त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं. काही सल्ला देतील असं वाटलं होतं. पुडीची घडी घालत एवढंच म्हणाले, "नकलेत सेल घालता येतो, बाई. पुढचं तुम्ही बघा."

उठताना दुकानाच्या काचेतून डोकावले. आत माझ्या जागेवर कुणी बसलेलं नव्हतं. यंत्रावर कापड घातलेलं.

मग पायरीवर बसून विचार केला. झोपेत हळूच मनगट धरलं, झाकण काढलं, सेल बदलला — दोन मिनिटांचं काम. सकाळी काटा धावताना दिसेल, हे उठून बसतील, जेवतील. आणि दोन वर्षांनी पुन्हा थांबेल. तोवर मी "आहेस ना"ला ओ देत राहायचं, आणि तो थांबण्याचा दिवस मोजत राहायचं. उद्या मी नसले आणि थांबलं तर? ह्यांना वाटेल, आपलं आटोपलं.

आणि सांगितलं तर उठतील की कायमचे भिंतीकडे वळतील, देव जाणे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ताई दुपारी घरी गेल्या. मी ह्यांच्याजवळ बसले, मनगट मांडीवर घेतलं, पट्टा सोडला. वळावर तेल चोळलं. मग चष्म्याच्या कामाचा बारीक पेचकस झाकणाच्या फटीत घालून त्यांच्या देखत उघडलं. मेलेला सेल त्यांच्या तळहातावर ठेवला.

"याच्यावर चालत होतं. माझ्या हातावर नाही. तुमच्याही नाही. मी बदलून आणायचे."

त्यांनी सेल बोटाने उलटा करून पाहिला. "पहिल्यापासून?"

"पुढच्या वर्षीपासून."

"म्हणजे नकली."

"हो."

"आणि मी लोकांना ओळखा म्हणत होतो."

मी झाकण पुसत राहिले. हे म्हणाले, "तू ट्रे आणून द्यायचीस." शब्दांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. नवा सेल पर्समध्ये आहे हे सांगायचं होतं, पण त्यांनी मूठ मिटली, भिंतीकडे वळले. रात्रीही जेवले नाहीत. माझंही जेवण झालं नाही. अंधारात दोघंही जागे, आणि एकदाही "आहेस ना" नाही.

मी ह्यांना मारलं की काय?

१८ नोव्हेंबर

सकाळी जाग आली तर हे बूट घालून उभे. दाढी केलेली. मूठ उघडून मेलेला सेल दाखवला — "अगदी असाच लागतो ना? भिंगवाल्याकडे मिळेल?" मिळेल, म्हटलं. येऊ का, विचारलं. नको म्हणाले. जिन्यात पावलं वाजत खाली गेली, सावकाश, न थांबता.

पुडी माझ्या पर्समध्ये आहे. बोलले नाही. मालकीणबाईंना फोन लावला.