एकतीस नंबरचा कागद

१४ मार्च, रविवार
दुपारचे तीन

ताई,

तुमच्या भावजयीचा नमस्कार. हो, तीच. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र आधी ड्रॉवरमध्ये ढकललं असेल आणि दोन दिवसांनी काढलं असेल, एवढं तरी तुम्हाला मी ओळखते. उघडलंत, यातच मी भरून पावले.

इकडे सगळं बरं आहे. आईंचा गुडघा आता जिना चढू देतो. म्हणजे त्या एकदा चढतात आणि मग दिवसभर आम्हाला ऐकवतात. लेकीची परीक्षा परवा संपली, हॉस्टेलवर नुसती झोपा काढतेय. माझ्या कवळ्यांच्या लॅबमध्ये नवीन भट्टी आली आहे. तिने पहिल्याच दिवशी एका रिटायर्ड मास्तरांची अख्खी कवळी वाकडी करून ठेवली, ती मी परत पहिल्या दातापासून घडवतेय. तुमचा भाऊ, तुमचा घुम्या, बरा आहे. लिफ्टच्या यंत्रांच्या खोल्यांमधून काळाकुट्ट होऊन येतो, साबण संपवतो. घुम्या म्हणायला आता तितकं कारण राहिलं नाही म्हणा, पण ते पुढे सांगते.

बघा, अर्धं पान झालं आणि मी अजून कवळ्यांवरच. ताई, मला तुमचे आभार मानायचेत आणि तुमची माफी मागायची आहे. आभार सोपे आहेत, म्हणून आधी ते उरकते. माफीपाशी पोचले की माझं पेन अडणार आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

दीड वर्षापूर्वी आईंच्या पंचाहत्तरीला तुम्ही मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलंत आणि एक पिवळं पत्रक हातात ठेवलंत. तुमच्या हॉस्पिटलात जोडप्यांवर संशोधन चाललंय म्हणालात. नवरा-बायकोतली जवळीक, तीही शरीराची, असं तुम्ही आवाज न चोरता म्हणालात, ती आटली तर परत कशी आणता येते याचं. बारा आठवडे. कागदावर कुठे नाव नाही, नुसता नंबर. "मी तिथे बसून फक्त उत्तरं संगणकात भरते, कोणाची आहेत ते मलाही कळत नाही. जाऊन या ना दोघं," असं म्हणालात.

तुम्हाला कळलं कसं, असं मी तेव्हा विचारलंसुद्धा नाही. कळणारच होतं. मागच्या खोलीत ह्यांची गादी, ह्यांची उशी, ह्यांचा चष्मा. कोणी विचारलं की मी म्हणायची, लिफ्टवाल्याला पहाटे निघायचं असतं, उगाच माझी झोपमोड कशाला. चार वर्षं हे एकच उत्तर. माझं ऑपरेशन झालं, गर्भाशय काढलं, तेव्हापासून. तुम्ही तेव्हा रोज ड्युटी संपवून टाक्यांची पट्टी बदलायला यायच्यात. चिकटपट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापायच्यात. मी विचारलं तर म्हणालात, चौकोनी कोपरा कपड्याला अडकतो आणि पहिला सुटतो. एवढी माया करणाऱ्या बाईला मी त्या दिवशी काय बोलले, ते आपल्या दोघींनाही पाठ आहे. आत्ता नको. पत्रक मी तुमच्यासमोर चोळामोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

ते तुमच्या भावाने बाहेर काढलं. मला काय माहीत! हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या खाली, वर्षभर जपून ठेवलं होतं.

गेल्या सप्टेंबरात ह्यांना कंपनीने दुसऱ्या गावी बढती देऊ केली. राहायची खोली, सगळं. एकट्याचीच सोय. होकार द्यायला दोन महिने मुदत होती. मी काय केलं असेल? शर्ट इस्त्रीला काढले. जा म्हटलं नाही, जाऊ नका म्हटलं नाही, कॉलर तेवढ्या कडक केल्या. एका संध्याकाळी हे जेवणाच्या टेबलाशी आले आणि ते पत्रक माझ्यापुढे ठेवलं. ग्रीसचे ठसे, चार घड्या. म्हणाले, "जायच्या आधी एकदा इथे जाऊ. नाही म्हणालीस तर मी मुकाट्याने जाईन." ताई, लग्नाला बावीस वर्षं झाली, इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचित ऐकलंय.

गेले. मी, ह्यांच्या मागोमाग. तुम्ही दिसाल म्हणून डोक्यावरून ओढणी घेतली होती, चोरासारखी. पण तुमचा विभाग म्हणे वरच्या मजल्यावर. आम्हाला दोन वेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्नांचे कागद दिले. नुसत्या खुणा करायच्या. पहिले प्रश्न मी लॅबचा फॉर्म भरावा तसे भरले. अकराव्या प्रश्नापाशी थांबले. विचारलं होतं, जवळ येताना त्रास होतो का? चार पर्याय होते. चौथा होता, "दुखतं, पण सांगत नाही."

कोणीतरी आपलं मन चोरून वाचलंय असं वाटलं मला. चार वर्षांत हे मी कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नव्हतं. ऑपरेशननंतर हे असंच असणार, बाईच्या नशिबाला आलेलं, असं समजून तोंड मिटून बसले होते. एकदा सोसलं, दोनदा सोसलं, तिसऱ्यांदा कूस बदलली. मग हे मागच्या खोलीत गेले. मी त्या चौकोनात अशी खूण केली की पेन कागदातून आरपार.

तिथल्या समुपदेशक बाईंनी आधी मला त्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. दहा मिनिटांची तपासणी. कोरडेपणा आलाय, ऑपरेशननंतर पुष्कळ जणींना येतो, उपाय आहे, म्हणाल्या. आणि साधं एक मलम लिहून दिलं. मी जिन्यात उभी राहून हसले का रडले, देव जाणे. चार वर्षं, ताई! एका मलमाच्या नळीसाठी!

मग दोघांना समोरासमोर बसवलं. बाई म्हणाल्या, आता तुम्ही सांगा यांना. मी दिवसभर लोकांच्या तोंडातले दात घडवते, पण माझ्या तोंडातून ते तीन शब्द निघायला किती वेळ लागला म्हणून सांगू. "मला दुखायचं हो," एवढंच म्हणाले. ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला माझी किळस येते. ग्रीसच्या वासाची." आणि तो साबण, ताई. साबण का संपतो ते मला त्या दिवशी कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चहा आला. उरलेलं उद्या लिहिते.

सोमवार, सकाळ

लॅबला अर्धा तास उशिरा जाणार आहे. भट्टीला काय, ती कोणासाठी थांबत नाही, पण मास्तर थांबतील.

तर बाईंनी गृहपाठ दिला. पहिले काही आठवडे पुढचं काही करायचंच नाही, सक्त मनाई. आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं, एकाने दुसऱ्याला नुसतं हाताने स्पर्श करायचा, हात, खांदे, पाठ, आणि दुसऱ्याने कसं वाटलं ते सांगायचं. मी म्हटलं, हे काय पोरखेळ! पण मनाई आहे म्हटल्यावर माझं अंग आपोआप सैल पडलं. पुढे काय होईल ही धास्तीच उरली नाही. बाई म्हणाल्या, त्यांच्या पाहणीत बऱ्याच जोड्यांचं हेच होतं.

आणि तुमचे बंधुराज! पहिल्याच दिवशी हे कामाची पावती-वही घेऊन आले. तीच हो, लिफ्ट तपासली की भरतात ती. वरची प्रत गिऱ्हाइकाला, कार्बनची ऑफिसला. मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणे, "लिहिल्याशिवाय मला नीट सुचत नाही." घड्याळ लावून वीस मिनिटं झाली की वही पुढे करायचे, "सही." मी हसून हसून बेजार. न वाचता सही करायची, आणि माझी प्रत शिलाई मशीनच्या खणात कोंबायची. लिफ्टवाल्याची पावती कोण वाचतं?

पाचव्या आठवड्यात घोटाळा झाला. महिनाअखेरीला ह्यांनी कार्बनच्या प्रती नेहमीच्या सवयीने गोळा केल्या आणि त्यातली आमची एक ऑफिसच्या गठ्ठ्यात गेली. तिथल्या कारकून बाईंनी ह्यांना टेबलाशी बोलावलं. हळूच विचारलं, "ही कुठली हो लिफ्ट? ठिकाणाच्या रकान्यात लिहिलंय, घर, मागची खोली. बिघाडात लिहिलंय, डावा खांदा आखडलेला, उजवा ठीक." हे जमिनीत गडप व्हायचे तेवढे राहिले. पण बाई भल्या. कागद पाकिटात घातला, डिंकाने बंद केला, वर "खाजगी" लिहिलं आणि ह्यांच्या हातात दिला. देता देता म्हणाल्या, "हे जिथे शिकवतात, तिथला पत्ता मिळेल का?"

हे घरी आले, कानापर्यंत लाल. मी गोष्ट ऐकून लोळायची बाकी होते. हे मात्र हसले नाहीत. म्हणाले, "त्यांनी शेरा पण वाचला." मी म्हटलं, कसला शेरा? तर म्हणाले, "तू वाचला नाहीस?"

माझं हसू तिथल्या तिथे जिरलं. परक्या बाईने वाचलं आणि माझ्या खणात चौदा कागद तसेच! मी मशीनपाशी खाली बसले आणि एकेक उलगडला. प्रत्येकाच्या तळाशी, माझ्या सहीच्या वर, एक ओळ होती. "आज हात काढून घेतला नाही." "आज स्वतःहून सांगितलं, इथे बरं वाटतं." "हिचा तळवा लॅबच्या मेणाने गुळगुळीत झालाय, मला माहीत नव्हतं." आणि शेवटच्यावर, "परवा होकार द्यायचा आहे. ही राहा म्हणाली तर राहीन. न विचारता राहिलो तर हिला ओझं होईल."

हे दारात उभे होते. मी मान वर न करता म्हटलं, "जाऊ नका." बस. ह्यांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसला नकार कळवला आणि येताना, खोटं नाही सांगत, नवा साबण घेऊन आले. मी तो परत द्यायला लावला.

पुढचं काय लिहू, तुम्ही नर्स असलात तरी नणंद आहात. मागच्या खोलीत आता आईंची व्यायामाची खुर्ची आहे. समजून घ्या.

आता ते.

तुम्ही ऑपरेशनच्या वेळी एकदा माझ्या उशाशी बसून तुमचं सांगितलं होतंत. नऊ वर्षं एका घरात राहून तुम्ही दोघांनी एकमेकांना हात लावला नव्हता, आणि दोघंही बोलला नाहीत, आणि मग ते निघून गेले. मला एकटीला सांगितलं होतंत. आणि त्या पंचाहत्तरीला, आई आणि माझी लेक स्वयंपाकघराच्या दारात आल्या, त्यांच्यासमोर मी म्हटलं, "जिला स्वतःचा नवरा धरून ठेवता आला नाही, तिने दुसऱ्याच्या अंथरुणात डोकावू नये." तुम्हीच विश्वासाने सांगितलेली गोष्ट तुमच्यावरच फेकली. का, तर तुम्ही खरं बोललात आणि मला झोंबलं. तुम्ही पर्स घेतलीत आणि गेलात. तेव्हापासून आईंना न्यायला-सोडायला येता ते फाटकापर्यंत. मी वरून पडद्याआडून बघते. ताई, मी चुकले. याला पुढे-मागे काही जोडायचं नाही.

बारा आठवडे जानेवारीतच संपले, पण गेल्या शुक्रवारी परत बोलावून शेवटची बैठक झाली. बाईंनी आमचा पहिला कागद आणि शेवटचा शेजारी शेजारी ठेवला, किती फरक पडला ते दाखवायला. पहिल्या कागदावर अकराव्या प्रश्नापाशी माझ्या पेनाने पडलेलं भोक होतं. ते मागून कोणीतरी चिकटपट्टीने नीट जोडलं होतं. मी विचारलं, हे कोणी केलं? बाई म्हणाल्या, "आमच्या नोंदी भरणाऱ्या सिस्टर. मी म्हटलं, टाका, दुसरी प्रत काढू. तर म्हणाल्या, नको, या बाईने फार जीव एकवटून ही खूण केली आहे, हाच कागद राहू दे."

ह्यांनी कागद हातात घेतला. पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला. चारही कोपरे गोल कापलेले होते. म्हणाले, "ताईची पट्टी."

म्हणजे जिच्याशी तुम्ही बोलत नव्हता, तिचंच फाटलेलं तुम्ही जोडत बसला होता, कोणाचं ते ठाऊक नसताना. मी तिथेच बाईंच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. बाईंना वाटलं, मलमाने काही झालं.

येत्या रविवारी आईंना सोडायला याल तेव्हा फाटकाशी थांबू नका. दोन जिने आहेत, आई चढतात, तुम्हाला काय धाड भरलीय? येताना चार पिवळी पत्रकं आणा, त्या कारकून बाईंना द्यायची आहेत. लेक घरी असेल. तिच्यासमोर बोलले होते, तिच्यासमोरच पाया पडेन.

हे पत्र ह्यांनी वाचलं. शेरा लिहू का म्हणाले. मी म्हटलं, लिहा. तो असा:

ताई, वर ये. वाट बघतोय. — घुम्या

आणि मी,
तुमची भावजय,
जोडी क्रमांक एकतीस