घोंगडीवरची कबुली

हुलसूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. रामलिंगास दाजी भीमाशंकरचा आशीर्वाद.

तुझी अक्का जगदेवी फोन उचलंना, म्हणून हे पत्र. तूच तिला वाचून दाखव. कलबुर्गीच्या डायरेक्टरच्या विनोदी पिच्चरमध्ये मी बाहेरख्याली नवऱ्याचं काम करायलोय, एवढाच माझा गुन्हा. माझी भानगड जिच्याशी, ती बाई म्हणजे मिशा काढलेला आपला रविकुमार. पंचायतीच्या सीनला घोंगडी लागत होती, मी घरची दिली. तिच्यावर बसून भानगड कबूल केली, तवर तुझी अक्का पिशवी घेऊन बसस्टँडवर. तिला समजाव. मला भाकरी थापता येत न्हाई.

लोभ ठेव, निदान तू तरी.

मन्नाएखेळ्ळी, ७ फेब्रुवारी

ती. दाजींस रामलिंगचा वाकून नमस्कार.

पत्र वाचून दाखवलं. अक्का म्हणती, पिच्चर खोटा असंल, घोंगडी खरी हाय. आपल्यात तिच्यावर बसून कुणी खोटं बोलत न्हाई. बाई म्हणजे रविकुमार, असं सांगितलं, तर म्हणाली, म्हणूनच जास्त लाज वाटायलीय.

आता घोंगडीवर बसून नाकबूल जाऊ नका. एका घोंगडीवर दोन बोलणी झाली, तर अक्का कायमची इथंच राहती. टपरीचा ढाबा केला तो मी गिऱ्हाइकाशी वाद न घालता. भानगड मोडली म्हणा, आन् रविकुमारला साडीतच माफी मागायला लावा. मी अक्काला घेऊन येतो. काल चुलीपुढं ती माझ्या बायकोला हळूच विचारत होती, दाजींच्या जेवणाचं कोण बघायलंय. गल्ल्यावर बसून माझे कान तिखट झालेत.

लोभ हाय, तो घोंगडीशिवायबी खरा माना.

हुलसूर, १५ फेब्रुवारी

चि. रामलिंगास अनेक आशीर्वाद.

परवा तू ढाब्याच्या घाईनं लगेच परत गेलास, म्हणून पुढचं लिहायलोय. तुझ्या अक्कानं रविकुमारला ओटी भरून वाटंला लावलं, वर परक्या घरात पाय ठेवू नको म्हणून बजावलं. माफीचा सीन घ्यायला आलेला डायरेक्टर हसून हसून खुर्चीवरून पडला, सीन घ्यायचाच राहिला.

आता एक काम कर. रविकुमारची बायको रेणू काल हळ्ळीखेडला माहेरी गेली. माफी मागताना त्योबी घोंगडीवरच बसला होता. तुला जवळ पडतंय, तेवढं समजावून ये.

माझं बरं चाललंय. तुझी अक्का आता रोज मला घोंगडीवर बसवून जेवायला वाढती, आन् भाजी कशी झाली विचारती.

लोभ असाच ठेव, आन् जमलं तर डबा पाठव.