गल्लीत सोडलेली टोपली

लाडक्या इमाकोलाता,

दोरीने सोडलेली टोपली खाली गल्लीत टेकली, तरी माझा नवरा सबातिनो बाल्कनीतून वाकून ओरडतच होता, "एर्नेस्तोकाका, एक पाव आणि थोडं चीज!"

टोपलीत सामान घालून देणाऱ्या एर्नेस्तोकाकांचं दुकान आता खाली नाही. तिथे पर्यटक बॅगा ठेवतात. मी त्याला हे दुपारीच दाखवलं होतं.

समोरच्या खिडकीतली बाई म्हणाली, "काय पाहुणे, मासे धरताय?"

"पाहुणा कुणाला म्हणतेस? या गल्लीत जन्मलोय मी!"

"मग एर्नेस्तो दफनभूमीत आहे, हे ठाऊक हवं. तिथवर दोरी पुरायची नाही."

तो हसला, पण टोपली त्याने वर ओढली नाही.

तू काळजी करू नकोस. प्रवास नीट झाला. खोली आमच्या जुन्या घरासमोरच मिळाली. नेपल्समधला पहिला दिवस मनासारखा गेला, तर स्टुटगार्टचं घर विकून इथेच राहू, असं तो गाडीत म्हणाला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुला सोडून मी इथे कुणाशी बोलणार?

तुझा गुडघा कसा आहे? या आठवड्यात तिथे स्टुटगार्टला जिना झाडायची पाळी आपल्या मजल्याची आहे. तू वाकू नकोस, वरच्या बाईंना सांग.

इथे असूनही तुमच्यातच असलेली,
नुन्झिया

ता. क. सकाळी त्याने टोपली वर ओढली. तिच्यात कुणीतरी आइस्क्रीमचा रिकामा कप टाकला होता. तो काढून त्याने टोपली रुमालाने पुसली आणि पुन्हा खाली सोडली.