येतुंदे की इयाबो

९ जुलै
पहाटे जावयाचा, तुंजीचा फोन. मुलगी झाली, मृणाल ठीक. तसाच निघालो. शुगर लँडच्या माझ्या घरापासून हॉस्पिटलपर्यंत गाडीत एसी लावायचंसुद्धा सुचलं नाही, शर्ट घामाने चिंब. नातीचं नाक तिच्या आजीचं, सुलभाचं. टोकाशी जरा बसकं, अगदी तसंच. नर्ससमोर रडलो, लाज वाटली नाही. फेब्रुवारीत गेली सुलभा. असती तर आली असती का बघायला? देव जाणे.

१० जुलै
विहीणबाई बाळंतपणासाठी नायजेरियाहून आल्यात. बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "येतुंदे." तुंजीला अर्थ विचारला. आई परत आली. घरातली आजी गेल्यावर पाठोपाठ मुलगी झाली की योरुबा लोकांत हे नाव ठरलेलंच, त्यात विचारायचं काही नसतं.
कोणाची आई, म्हटलं.
"मृणालची, बाबा."
जिने या पोराला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, लग्नाला आली नाही, मृ.शी बोलणं टाकलं ते टाकलंच, ती त्याच्याच घरी परत? आणि विहीणबाई तिचे मुके घेतायत.

११ जुलै
व्याह्यांचा इबादानहून व्हिडिओ कॉल. नवरा-बायकोची चांगलीच जुंपली. मला बरं वाटलं, म्हटलं त्यांनाही हे पटलेलं नाही. कसलं काय. विहीणबाई एकितीकडच्या, तिथे आईला येये म्हणतात, म्हणून येतुंदे. व्याही ओयोकडचे, त्यांची आई म्हणजे इया, म्हणून त्यांना हवं इयाबो. अर्थ एकच. आपल्याकडे नाही का आई, माय, आये. भांडण फक्त कोणाच्या बोलीतली आई घ्यायची याचं. सुलभा आलीय यावर दोघांचं एकमत.
आजी पोटी आली असं आपणही म्हणतो. पण ते म्हणायचं म्हणून. हे लोक खरंच मानतात. धक्का बसलाय.

१३ जुलै
नावावरून मृ. आज पहिल्यांदा बोलली. जेवताना, तेही मराठीत. एरवी माझ्याशी इंग्लिशच.
"परत यायला आधी यावं लागतं, बाबा. आई या घरात एकदाही आली नाही."
तुंजीने त्याच्या आईला योरुबात सांगितलं. वाटलं, आता वाजणार. विहीणबाई बाळाकडे बघत हळू काहीतरी म्हणाल्या. तुंजीने मला सांगितलं ते असं: मोठेपणी यायला जमलं नाही तिला. म्हणून लहान होऊन आली.
मृ. ताटावरून उठली. सुलभाबद्दल असं काही या बाई बोलतील, ज्यांचं तोंडही तिने पाहिलं नाही... वाटलं नव्हतं.

१५ जुलै
उद्या बारसं. त्यांच्यात आठव्या दिवशी, आपल्या बाराव्या दिवसाला कोण विचारतो. येये-इयाचा वाद मिटला, दोन्ही नावं ठेवणार. वडीलधाऱ्यांनी प्रत्येकाने एक नाव द्यायचं आणि ज्याने त्याने आपल्या नावाने हाक मारायची, अशी रीत. म्हणजे मीही एक द्यायचं. मृ.ला विचारलं. तुम्ही ठरवा, म्हणाली, सुलभा सोडून काहीही. मला दुसरं सुचतच नाहीये.
दुपारी बाळ रडत होतं. दूध घेऊन गेलो तर मृ. खुर्चीत, डोळे मिटलेले, थोपटत होती.
"आलीस ना आता? मग रडतेस कशाला?"
दारातूनच मागे फिरलो. दूध ओट्यावर ठेवून दिलं. उद्या सगळ्यांसमोर माझी पाळी आली की काय म्हणणार, ठाऊक नाही.