पंचाहत्तरला चार मार्क कमी

१२ फेब्रुवारी, जळगाव

उद्या बोर्डाचा मराठीचा पेपर — आणि आज क्लासमध्ये तीन तास जेईईची टेस्ट! मी म्हटलं, सर, उद्या मराठी आहे. जितेंद्र सर हसले. 'दिपमाला, मराठी घरी बोलतेस ना? मग झालं. बोर्डात नुसतं पास व्हायचं असतं.'
पुस्तक तरी कुठे आहे रूमवर. घरी शिरपूरलाच राहिलंय.

१३ फेब्रुवारी

शेवटचे दोन प्रश्न राहून गेले. वेळच पुरला नाही.

आमचं कॉलेज धुळ्याकडच्या एका गावात. दोन वर्षांत चार वेळा गेले असेन. नाव तिथं, शिकायचं जळगावला क्लासमध्ये — आमच्या बॅचमध्ये सगळ्यांचं असंच. वर्गशिक्षकांनी मला ओळखलंसुद्धा नाही. 'तू आमच्याकडची का?' सगळे हसले. मीही हसले.

१९ एप्रिल

९७.४ पर्सेंटाइल!!! नागपूरचं एनआयटी मिळू शकतं — सर स्वतः म्हणाले! सीईटीचा फॉर्म त्यांनी भरू दिला नव्हता, 'दोन्हीकडे धावलीस तर एकही हाती लागणार नाही' म्हणून. त्याची जिवाला लागलेली धाकधूक आज गेली.

आबांनी मोटर वाइंडिंगचं दुकान दुपारीच बंद केलं आणि गल्लीभर पेढे वाटले. आईने फोनवर तीनदा विचारलं, नागपूरले थंडी कितली ऱ्हास?

३० एप्रिल, शिरपूर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. कुंदा आत्या माहेरी आलीय. 'आमनी इंजिनेर' म्हणत मला झोक्यावर बसवलं. खूप उंच झोका घेतला आज. पुरणपोळी, आमरस, आणि जेईईचं एकही पुस्तक नाही!

५ मे

सहाशेपैकी ४४६. ७४.३३ टक्के.

मराठी ५४.

एनआयटीला बारावीत पंचाहत्तर टक्के लागतात. म्हणजे साडेचारशे. चार मार्क. चार!

आई म्हणते, 'चारच कमी शेतस ना? मांगी ले ना मंग त्यासनाकडथून.' तिच्यावर चिडताही येत नाही.  आबा दुकानात गेले ते जेवायलाही आले नाहीत.

६ मे

पाचव्यांदा केला तेव्हा सरांनी फोन उचलला. 'पंचाहत्तर नाहीत? अगं, मी सांगत होतो, बोर्डाकडेही लक्ष द्या!'
कधी सांगितलंत? कधी?? हे सगळं आत्ता सुचतंय. माझा राग नेहमी फोन ठेवल्यावर येतो, मेला.
'आता प्रवेशाच्या काउन्सेलिंगचा फॉर्म भरून काय उपयोग? सीट लागली तरी कागद तपासताना काढून टाकतील. पुढच्या बॅचला नाव घालू का तुझं?'

१९ मे

मराठीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत आली. अक्षर माझंच. शेवटची दोन पानं कोरी. कोऱ्या पानाला कोण मार्क देणार? तरी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला.
आठवीत माझा निबंध शाळेच्या फळ्यावर लावला होता. आणि मला मराठीने पाडलं!

२ जून

एक मार्क वाढला. ५५.

संपलं. गुण सुधारायची परीक्षा जूनअखेर आहे, तिचा निकाल जुलै संपताना. तोवर सगळ्या जागा वाटून झालेल्या असतील. मग ते मार्क काय करायचे? फ्रेम करून लावायचे?

७ जून

काही नाही. झोपून होते.

९ जून

आत्याचा फोन — 'नागपूरले कव्हय जाशी?' तिला कुणी सांगितलंच नाही. आईने फोन माझ्याकडे दिला आणि स्वतः मोरीत गेली. मी म्हटलं, बघू. एवढं खोटं मला बोलता येतं हे माहीत नव्हतं.
मला माझीच लाज वाटते. दोन वर्षं यांनी मला एका कामाला हात लावू दिला नाही.

१२ जून

काउन्सेलिंगच्या फॉर्मची आज संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. दुपारी आबा दुकानातून उठून आले. 'भरी दे ना बेटा. भरामा काय जास?'
मी ओरडलेच. 'तुमले काहीच समजत नही, आबा!'
 ते परत दुकानात गेले. बंद मोटर उघडून तार गुंडाळत बसले असतील.
पाच वाजून गेले. बरं झालं. आता कुणी विचारणार नाही.

१४ जून

आत्ता शेहजादचा फोन आला. क्लासमध्ये मागच्या बाकावर बसायचा तो. त्याला नागपूर लागलं. सिव्हिल! मी म्हटलं, अरे, पण तुला तर त्र्याहत्तरच होते ना? माझ्यापेक्षा कमी?
'ते सहा विषयांचे गं. मार्कशीटवरचे. तिथं पाचच विषय धरतात. दोन भाषांपैकी जिच्यात जास्त, ती एकच. माहितीपत्रकात लिहिलंय की! तू कोणतं कॉलेज भरलंस?'

इंग्रजी ६६. फिजिक्स ७८. केमिस्ट्री ७४. मॅथ्स ८६. भूगोल ८८.

मराठी धरतच नाहीत.

पाचशेपैकी ३९२. अठ्ठ्याहत्तर टक्के. पाच मेपासूनच होते.

आबा दारातून विचारतायत, 'कोना फोन व्हता, बेटा?'